गोळीत किती आहे ते छापता, अंगी किती लागतं तेही छापा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या जुलैत, जवळजवळ सहा वर्षांनी, माझ्या धाकट्या भावाला फिट आली. दादर स्टेशनच्या पुलावर, सकाळी पावणेनऊच्या गर्दीत. कुणी त्याला चप्पल हुंगवली, कुणी तोंडावर पाणी मारलं. कॉलेजला निघालेल्या एका मुलीने मात्र त्याला कुशीवर वळवलं आणि फिट थांबेपर्यंत त्याच्या डोक्याखाली स्वतःची बॅग धरून ती बसून राहिली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. भावाचं मनगट मोडलं. रुग्णालयात त्याच्या रक्तातली कार्बामॅझेपिनची, म्हणजे त्याच्या फिटवरच्या औषधाची, पातळी तपासली, ती 3.6 निघाली. आदल्या वर्षी ती 7.4 होती. साधारणपणे ती दर मिलिलिटरला 4 ते 12 मायक्रोग्रॅम असावी लागते.

"गोळ्या चुकवल्या ना?" ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं. भाऊ नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. माझा भाऊ रोज दोन्ही वेळची गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने दोन टिंबं काढतो. वीस वर्षांची सवय आहे. जुलैच्या त्या पानावर एकही चौकोन रिकामा नव्हता. मनगट मोडल्यापेक्षा आपल्याला खोटं ठरवलं याचं त्याला जास्त लागलं, आणि मलाही.

घरी येऊन मी त्याचं औषधांचं खण उघडलं. जूनपासून दोन गोष्टी बदलल्या होत्या. नेहमीच्या कंपनीची पट्टी नाही म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली होती. "तेच आहे हो, सेम कंटेंट" असं सांगून. आणि वहिनीने काळजीपोटीच आठवड्याभराच्या गोळ्या पट्टीतून काढून सात कप्प्यांच्या प्लास्टिकच्या डबीत भरल्या होत्या. डबी ओट्याजवळच्या फळीवर. खाली कुकर, बाहेर पाऊस.

या दोहोंपैकी कशाने पातळी घसरली, हे मला सांगता येत नाही. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. एकोणतीस वर्षं मी गोळ्या तयार करण्याच्या विभागात, फॉर्म्युलेशनमध्ये, काम केलं. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते, पोटातून रक्तात कशी जाते, यावर माझा संसार चालला. आणि माझ्याच घरातल्या गोळीचं मला उत्तर देता आलं नाही, कारण ते उत्तर देऊ शकेल अशी एक ओळही त्या पट्टीवर नव्हती. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

आमची आजी म्हणायची, पोटात गेलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही. ती जेवणाबद्दल म्हणायची. औषधशास्त्रात हेच मोजतात आणि त्याला जैवउपलब्धता म्हणतात, बायोअव्हेलेबिलिटी. गिळलेल्या औषधापैकी किती भाग, आणि किती वेगाने, जसाच्या तसा रक्तात पोहोचतो, ते माप. शिरेतून दिलं तर ते शंभर टक्के धरतात. तोंडाने दिलं की वाटेत चाळण्या लागतात. गोळी फुटायला हवी, औषध जठरातल्या नि आतड्यातल्या पाण्यात विरघळायला हवं, आतड्याच्या अस्तरातून पार जायला हवं आणि त्यानंतर यकृतातून सुटायला हवं. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतातच जातं आणि काही औषधं तिथेच मोठ्या प्रमाणात मोडली जातात. मुंबईत कित्येक वडीलधाऱ्यांच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते. ती गोळी जिभेखाली ठेवायची का, तर तिथून औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात शिरतं. छातीत कळ आलेल्या माणसाकडे यकृताची वाट पाहायला वेळ नसतो.

औषध घडवताना हा विचार अगदी पहिल्या दिवसापासून करावा लागतो, हे शहाणपण उद्योगाला बऱ्याच नुकसानीनंतर आलं. 1991 च्या सुमारास माणसांवरच्या चाचण्यांत बाद होणाऱ्या नव्या औषधांपैकी जवळपास 40 टक्के औषधं शरीरातल्या वाटचालीपायी आणि कमी जैवउपलब्धतेपायी बाद व्हायची. काचेच्या बशीत उत्तम काम करणारा रेणू माणसाच्या रक्तात पोहोचतच नसे. मग 1997 मध्ये फायझरच्या क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी एक साधा आडाखा मांडला. रेणुभार 500 च्या आत असावा, तेलात विरघळण्याचा कल एका मर्यादेत असावा, हायड्रोजनचे बंध जोडणाऱ्या जागा फार नसाव्यात. तो काही अटळ नियम नव्हे, त्याला अपवाद पुष्कळ आहेत. पण रेणू कागदावर असतानाच "हा अंगी लागेल का?" असं विचारायची सवय त्यानंतर पक्की झाली. 2000 पर्यंत या कारणाने होणारं अपयश 10 टक्क्यांच्या आसपास आलं होतं.

रेणू ठरला की काम आमच्या टेबलावर येतं. इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण पट्टी हातात घेणाऱ्याला या मेहनतीची कल्पना नसते. तेच औषध बारीक दळलं तर जास्त शोषलं जातं. नायट्यासाठीच्या ग्रिसिओफुल्व्हिनची पूड अतिसूक्ष्म केली तेव्हा डोस निम्म्यावर आणता आला. तेच औषध वेगळ्या स्फटिकरूपात गेलं तर विरघळायचं नाव घेत नाही. 1998 मध्ये एचआयव्हीवरच्या रिटोनाविरच्या बाबतीत हेच घडलं. दोन वर्षं बाजारात असलेल्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवं, कमी विरघळणारं स्फटिकरूप तयार होऊ लागलं. रेणू तोच होता आणि मिलिग्रॅमही तेवढेच, तरी कॅप्सूलचा पुरवठा थांबवावा लागला आणि औषधाची नव्याने बांधणी करावी लागली. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलमध्ये साखरेच्या मण्यांवर औषधाचा थर चढवलेला असतो. तो थर नीट बसला नाही किंवा पोटात पुरेसं आम्ल नसलं, तर औषध तसंच पुढे सरकतं. ती कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची आणि सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची नाही, ते याच कारणाने. आणि मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड. हा प्रथिनासारखा रेणू पोटात पचून जातो, म्हणून वर्षानुवर्षं तो इंजेक्शनानेच द्यायचा, असं मानलं जाई. 2019 मध्ये त्याची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. त्यात एक साहाय्यक द्रव्य घातलं आहे. गोळीभोवतीचं आम्ल ते थोडा वेळ निवळवतं आणि औषधाला जठराच्या अस्तरातून वाट करून देतं. तरीही रक्तात पोहोचतो तो फक्त एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग. म्हणून जे इंजेक्शन आठवड्याला 1 मिलिग्रॅम पुरतं, त्याची गोळी रोज 14 मिलिग्रॅमची घ्यावी लागते, म्हणजे आठवड्याला 98. आणि तीही उपाशी पोटी, फार तर अर्ध्या पेल्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही न खाता. सकाळच्या चहाबरोबर घेतली तर तो एक टक्काही हाती लागत नाही.

आपल्या वैद्यांनी औषधापाठोपाठ अनुपान सांगितलं, मधातून घ्या, तुपातून घ्या, कोमट पाण्यातून घ्या. प्रत्येक अनुपान प्रयोगाने सिद्ध झालंय असा माझा दावा नाही. पण त्या दिशेने शोधणारे जम्मूच्या प्रयोगशाळेतले संशोधक मिऱ्या-पिंपळीतल्या पायपेरिनपर्यंत पोहोचले. त्यातूनच 2009 मध्ये क्षयावरचं एक जोडऔषध आलं. त्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम आणि सोबत 10 मिलिग्रॅम पायपेरिन. कमी औषध, पण जास्त अंगी लागेल असं.

आयुक्त महोदय, इतक्या मेहनतीने बांधलेली ही गोष्ट दुकानाच्या काउंटरवर येईपर्यंत पूर्णपणे पुसली जाते. पट्टीवर उरतो एक आकडा, 200 मिलिग्रॅम. तो आकडा गोळीत काय आहे ते सांगतो. माणसात काय पोहोचेल, ते सांगत नाही.

या दोहोंत फरक पडला की काय होतं, हे जगाने पाहिलंय. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांना चक्कर येऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला. औषधाची मात्रा बदललेली नव्हती. कंपनीने कॅप्सूलमधलं भरणद्रव्य बदललं होतं, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज. भरणद्रव्य म्हणजे ज्याला कुणी औषध समजत नाही ती पांढरी पूड. त्या बदलाने जास्त फेनिटॉइन रक्तात जाऊ लागलं आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसू लागली. 1971 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या डिगॉक्सिन गोळ्यांची तुलना झाली. छापील मात्रा सारखीच, पण वेगवेगळ्या उत्पादनांनी रक्तात गाठलेल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक. डिगॉक्सिनमध्ये उपयोग आणि अपाय यांच्यातलं अंतर किती थोडं आहे, हे तुमच्या कार्यालयातल्या कुठल्याही औषध निरीक्षकाला मी सांगायला नको.

अशा घटनांतूनच जैवसमतुल्यतेची, म्हणजे बीई स्टडीची, पद्धत आली. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि काही दिवसांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे जेनेरिक, देतात, ठरावीक वेळाने रक्त घेतात आणि दोन्ही आलेख ताडून पाहतात. जेनेरिकचं शोषण मूळ औषधाच्या किती टक्के, या गुणोत्तराचा 90 टक्के विश्वासांतर पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. याचा अर्थ "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं" असा काढणारे डॉक्टरही मी पाहिलेत. तो चुकीचा आहे. सरासरीच नव्हे, तर तिच्याभोवतीचा अनिश्चिततेचा सगळा पट्टा त्या हद्दीत बसावा लागतो. सरासरीच वीस टक्क्यांनी घसरली असेल तर औषध नापास होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 ते 2007 मधल्या 2070 अभ्यासांचा आढावा घेतला. मूळ आणि जेनेरिक औषधांच्या शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

म्हणून कृपा करून हे पत्र जेनेरिकविरोधी समजू नका. मी आयुष्यभर जेनेरिकच बनवली. आमच्या परळमध्ये जनऔषधीच्या दुकानातून औषध घेतलं म्हणजे महिन्याच्या शेवटी दूधवाल्याचे पैसे देता येतात, अशी घरं आहेत. त्या माणसाला स्वस्त गोळी मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ती अंगी लागते हे तपासलेलं असावं, आणि तपासलंय हे त्याला कळावं. विश्वास ठेव म्हणून सांगण्यापेक्षा पुरावा दाखवणं सोपं आहे.

आपल्याकडे नियम आहे. एप्रिल 2017 मध्ये केंद्राने औषध नियमावली सुधारली. जी औषधं पाण्यात कमी विरघळतात, म्हणजे बीसीएस वर्गीकरणातला (विरघळणं आणि आतड्यातून पार जाणं यांवरून औषधांचे चार वर्ग पाडतात, त्यातला) दुसरा आणि चौथा वर्ग, त्यांच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा परवाना मागताना बीई अहवाल जोडणं बंधनकारक झालं. कार्बामॅझेपिन दुसऱ्या वर्गातलं आहे. फेनिटॉइन आणि रिफॅम्पिसिनही. त्या दिवशी आमच्या विभागात आम्ही खरंच पेढे वाटले होते. पण नियम लागू झाला तो नव्या अर्जांना. त्याआधी परवाना मिळालेली उत्पादनं दुकानांत आहेतच, आणि कुठली पट्टी नियमाच्या अलीकडची, कुठली पलीकडची, हे ओळखायचा मार्ग ग्राहकाला नाही. डॉक्टरला नाही. दुकानदारालाही नाही. भावाला जूनमध्ये मिळालेली पट्टी कुठल्या बाजूची होती, हे मला आजही ठाऊक नाही.

गोळी विरघळण्याची चाचणी, डिझोल्यूशन, प्रत्येक बॅचची होते आणि ती मोलाची आहे. केंद्रीय प्रशासन दरमहा अप्रमाणित औषधांची यादी काढतं, त्यात "डिझोल्यूशन" हे कारण वारंवार दिसतं. म्हणजे अंगी लागण्याच्या पहिल्याच पायरीवर नापास. पण काचेच्या भांड्यात विरघळणं आणि माणसाच्या रक्तात पोहोचणं या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

आता हवेबद्दल. कार्बामॅझेपिन ओलावा धरलं की त्याचं स्फटिकरूप बदलतं, गोळी दगडासारखी होते आणि विरघळत नाही. दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने 1990 मध्ये दिला होता. न्हाणीघरात ठेवू नका, असं तिथे रुग्णाला स्पष्ट सांगतात. आयुक्त महोदय, जुलैत मुंबईचं अख्खं घर न्हाणीघरच असतं. पापड मऊ पडतात, मिठाची बरणी पाझरते, काडेपेटी पेटत नाही. भावाच्या पट्टीवर "थंड व कोरड्या जागी ठेवा" असं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होतं. "पट्टीतून काढून ठेवू नका" असं कुठेच नव्हतं. वहिनीला दोष कसा देऊ? सात कप्प्यांची ती डबी औषधाच्या दुकानातच विकत मिळते.

तुमच्या हातात काय आहे, हे मी वाचून आले आहे. नियम दिल्लीत होतात. पण महाराष्ट्रात तयार होणाऱ्या गोळ्यांचे परवाने तुमच्या प्रशासनाकडून निघतात, त्या फायली तुमच्याकडे आहेत. त्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या औषधांची यादी तुमच्या संकेतस्थळावर टाका. उत्पादनाचं नाव, कंपनी, परवान्याचं वर्ष आणि बीई अहवाल जोडलेला आहे की नाही. "नाही" असेल तर नाही असंच लिहा. कंपन्यांची गोळी बनवायची कृती कुणी मागत नाही, त्यांचं गुपित यात उघडं पडत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच, मुदत, परवाना क्रमांक असतो. त्याच कोडमध्ये जैवसमतुल्यतेचा एक रकाना वाढवावा, अशी शिफारस राज्याने केंद्राला करावी. कोड पट्टीवर एकाच जागी असतो आणि आपल्याकडे दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. तेव्हा तो कापलेल्या तुकड्यावरही वाचता येईल असा काही तोडगा लागेल. पॅकिंग विभागातल्या लोकांना विचारा, त्यांना सुचेल.

फिटची औषधं, थायरॉइडची, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, डिगॉक्सिन, अवयवरोपणानंतरची औषधं, यांचा मात्र वेगळा विचार हवा. यांच्यात पातळी थोडी हलली तरी माणूस हलतो. अशा औषधांसाठी युरोपात जैवसमतुल्यतेची 80 ते 125 ची हद्द 90 ते 111 टक्क्यांपर्यंत आवळतात. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाच्या जागी दुकानदाराने परस्पर दुसरं उत्पादन देऊ नये, हे आपल्या नियमांत आधीपासून आहे. औषध नियमावलीच्या नियम 65 मध्येच आहे. दुकानांच्या तपासणीत तुमचे निरीक्षक फ्रिजचं तापमान पाहतात, बिलबुकं पाहतात. निदान या मोजक्या औषधांबाबत पट्टी बदलली का आणि बदलताना रुग्णाला सांगितलं का, हेही त्यांनी पाहावं. सांगितलं असतं तर मी भावाची पातळी पंधरा दिवसांत तपासून घेतली असती. रक्ताची एक चाचणी, एवढाच खर्च होता.

आणि मराठीत छापा. उपाशी की जेवून, दुधाबरोबर की नाही, पट्टीतून काढून ठेवायची की नाही. थायरॉइडची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी घ्यावं, हे लिहायला प्रत्येकी एक ओळ लागते. शिवडीच्या क्षय रुग्णालयाच्या दारात उभं राहून कुणालाही विचारा, गोळी कशी घ्यायची ते. जी उत्तरं मिळतील त्यांवरून तुम्हालाच ती ओळ लिहावीशी वाटेल.

भाऊ आता बरा आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं, पातळी 7 वर आली. डॉक्टरांनी औषध बदललं नाही. आम्ही जुन्याच कंपनीची पट्टी शोधून आणतो आणि ती पट्टीतच राहते, तांदळाच्या डब्यावर, ओट्यापासून लांब. तो पुन्हा पावणेनऊच्या गाडीने जातो. दादरच्या पुलावर मात्र कठडा धरून चालतो.

जूनमधल्या त्या पट्टीच्या न फोडलेल्या सहा गोळ्या माझ्याकडे आहेत, बॅच क्रमांकासकट. डबीतल्या ओलावलेल्या चार गोळ्या वेगळ्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवल्या आहेत. तुमच्या प्रयोगशाळेला डिझोल्यूशन करून पाहायचं असेल तर सांगा. मी स्वतः वांद्र्याला आणून देईन.

आपली,
एक निवृत्त फॉर्म्युलेशन केमिस्ट
परळ, मुंबई